झडपेखालची जागा

मिस्त्रीणबाईंनी केसांतला आकडा काढला आणि युद्धनौकेच्या डेकवरची नखाएवढी झडप उचकटली.

"अगं, अगं!" मिस्त्री ओरडले. "सरस ओला आहे अजून तिथला!"

बाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. झडपेखाली जिना असायला हवा होता. लोखंडी, उभा, इंजिनरूममध्ये उतरणारा. झडपेखाली लाकूड होतं. त्यांनी आकडा टोचून पाहिला. लाकूडच. बडा घर पोकळ वासा म्हणतात, इथे पोकळ असायला हवं तेच भरीव निघालं होतं.

उंचापुरा माणूस झोपेल एवढं ते जहाज जेवणाच्या टेबलावर पसरलं होतं. ते करायला घेतल्यापासून दोघं ताट मांडीवर घेऊन जेवत होती, पण बाईंनी कधी हूं की चूं केलं नव्हतं. उलट त्यांच्या विणायच्या सुयांच्या तोफा झाल्या, शिवणाचा दोरा कठड्याला गेला, जुन्या चष्म्याची काच कप्तानाच्या खिडक्यांना लागली. मागितलं ते त्यांनी आनंदाने दिलं. धाकट्या मुलाचं जहाज होतं ना ते.

खिडकीपाशी नौदलाचे साहेब चहा पीत बसले होते. बाहेर टेम्पो उभा होता. कचेरीच्या दालनात काचेची पेटी तयार होती आणि संध्याकाळी मोठ्या साहेबांसमोर ती सीलबंद व्हायची होती.

"आत काहीच नाही?" बाईंनी विचारलं.

"आत काय असणार? भरीव ठोकळा आहे," मिस्त्री म्हणाले. "मोठ्या जहाजाचं मॉडेल असंही करतात. डेकच्या वरचं तेवढं घडवायचं. खालचं कोणाला दिसतंय?"

"आपला धाकटा खाली होता."

मिस्त्रींनी हातातला चिमटा टेबलावर ठेवला.

"वर कप्तान उभा केलात," बाई म्हणाल्या. "भिंग लावून त्याच्या टोपीला सोनेरी काठ काढलात. कुणाचा तरी बनियनसुद्धा वाळत घातलात दोरीवर! आणि आपल्या पोराच्या जागी ठोकळा?"

साहेबांनी कप खाली ठेवला. "काकू, तुमचं दुःख मी समजू शकतो. पण काकांनी कमाल केलीय. अगदी हुबेहूब आहे."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हुबेहूब? आग लागली तेव्हा खाली नऊ पोरं होती, साहेब. तुमच्या लोकांनी वरून झडप लावून घेतली."

"लावली नसती तर आग दारूगोळ्यापर्यंत गेली असती. वरचे तीनशे जण गेले असते. थांबायला वेळच नव्हता, काकू. जहाज वाचवायचं होतं."

बाईंना हे पटत नव्हतं असं नाही. पटत होतं, म्हणून तर जीव जास्त जळत होता.

"वाचलं ना जहाज? मग मिरवा त्याला काचेत घालून. पण आत माणसं होती, एवढं तरी दिसू द्या! तेव्हा दार बंद केलंत, आणि आता दारामागे खोलीच नाही!"

साहेबांनी घड्याळ पाहिलं. माणूस वाईट नव्हता. त्यांना वरून हुकूम होता, आणि हुकूम काय, नेहमी वरूनच येतात.

"पुढे कधीतरी करून घेऊ," ते म्हणाले. "आज मात्र उशीर चालणार नाही."

"सील लागल्यावर कोण उघडतंय?" बाई नवऱ्याकडे वळल्या. "तुम्ही बोला की! जन्मभर लाकूड कोरलंत, आणि एवढीशी खोली कोरता आली नाही?"

"आली असती," मिस्त्री हळूच म्हणाले. "कितीदा पटाशी लावली. मला खाली उतरवेना गं तिथे."

बाईंचा आवाज खाली आला, राग तेवढाच राहिला.

"त्याला तरी वर कुठे येता आलं?"

मिस्त्रींनी ती उघडी झडप बोटाने चाचपली. मग उठले आणि जहाजाच्या पोटाखाली त्यांनी दोन्ही हात घातले.

"वरून जमणार नाही. खालूनच फोडावं लागेल. धर तिकडून."

"अहो काका, काय करताय!" साहेब ताडकन उठले.

दोघांनी मिळून जहाज टेबलावर पालथं घातलं. डोलकाठी कडकन मोडली. विणायच्या सुया वाकल्या. कप्तान टेबलावरून घरंगळत साहेबांच्या खुर्चीखाली गेला. बाईंनी जहाज दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरलं, मिस्त्रींनी लाल रंगवलेल्या तळाला पटाशी लावली आणि हातोडी उचलली. लाकडाचे ढलपे जमिनीवर पडू लागले.

बाहेर टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला.

"काका, टेम्पो थांबलाय!" साहेब म्हणाले. "वर काय सांगू मी? किती वेळ लागणार?"

बाईंनी मान वर केली नाही.

"थांबायला सांगा," त्या म्हणाल्या. "आत माणसं आहेत अजून."