चिमणीवरचं आभाळ

शेवंताबाईनं पीठ मळलं, तवा चुलीवर ठेवला आणि उंबऱ्यात येऊन कारखान्याच्या चिमणीकडं पाहिलं. चिमणीवर नुसतं निळं आभाळ होतं.

तिचा नवरा अण्णासो तिथं एकवीस वर्षं पोलादाच्या भट्टीवर कामाला. पांढरा धूर निघाला की भंगार भट्टीत पडलं, तांबूस झाला की त्याचा वितळून रस होत आला, एवढं तिला घरबसल्या कळायचं. तांबूस धूर दिसला की ती भाकरी थापायला घ्यायची, आणि अण्णासो रस ओतून गेटावर येईस्तोवर गरम भाकरी तिथं हजर असायची. भिंतीवर घड्याळ होतं, पण ते आल्यागेल्यांसाठी.

तिनं बराच वेळ वाट पाहिली. पीठ वाळायला लागलं. चिमणीच्या मागं जोतिबाचा डोंगर दिसत होता. तो इतका जवळ असेल असं तिला कधी वाटलंच नव्हतं. स्वप्नात आपलंच गाव अनोळखी दिसावं, तसं सगळं दिसत होतं.

शेजारची फौंड्री बंद पडली तेव्हाही आधी धूरच गेला होता, कुलूप मागून लागलं. लेक संघप्रियाची कॉलेजची दोन वर्षं अजून बाकी होती. तिनं तवा उतरवला आणि रिकाम्या हातानंच निघाली. माळ लख्ख होता. पाय चालत होते, पण आपण चालतोय असं तिला वाटत नव्हतं.

अण्णासो गेटाजवळच्या लिंबाखाली बसला होता.

"भाकरी कुठं हाय?"

"काम गेलं काय वो?"

"कशानं जाईल? आत्ताच रस ओतून आलोय की."

"आनि धूर?"

"त्यो आता बाहीर सोडत न्हाईत. जुना पंखा काढून मोठा बसवलाय. समदा धूर वढून कापडी पिशव्यांत घेत्यात. तुला सांगितलं हुतं की, फिटिंग चाललंय म्हणून."

काम शाबूत होतं. तिला इतकं बरं वाटलं की ती तिथंच मातीत बसली आणि आपल्याच खुळेपणाला हसली. अण्णासोही उपाशीपोटी हसला.

तेवढ्यात गेटातून ट्रॅक्टर बाहेर पडला. ट्रॉलीत दहाएक पोती होती. एका फाटक्या पोत्यातून पिठासारखी बारीक, तांबूस धूळ रस्त्यावर सांडत गेली.

"ह्ये काय?"

"पिशव्यांतली धूळ. रातपाळीपासनं धरलेली."

"एका दिसाची बी न्हवं?"

"न्हाय की."

ट्रॉली हायवेला लागेपर्यंत ती बघत राहिली.

"मग एकवीस वर्सं ही कुठं जात हुती?"

अण्णासोनं आभाळाकडं बोट केलं. शेवंताबाईनं वर पाहिलंच नाही. ती त्याच्या छातीकडं बघत होती.