शेवटच्या सुरानंतर

“शेवटचा सूर संपला की लगेच सुई उचलायची, ताई. पुढे नुसती खरखर आहे,” सरांनी बजावलं आणि रेकॉर्ड फिरायला लागली.

सर म्हणजे संगीताचे इतिहासकार. निदान त्यांच्या लेटरहेडवर तसं छापलेलं होतं. त्यांचा सातशे पानांचा ग्रंथ प्रसिद्ध होता. त्यात बायकांची दीड पानात बोळवण केलेली होती. रंगमंचावर गाणाऱ्या, सिनेमात गाणाऱ्या, नाचगाण्याच्या बैठकी गाजवणाऱ्या, सगळ्या त्या दीड पानात दाटीवाटीनं बसल्या होत्या. आजच्या व्याख्यानाचा विषय मात्र ‘संगीताचा इतिहास घडवणाऱ्या स्त्रिया’ असा होता. आयोजकांनी मानधन कबूल केल्यावर सरांना स्त्रियांबद्दल अचानक बरंच काही सुचलं होतं.

सुरुवात त्यांनी एका पुरुषाच्या व्हायोलिनवादनानं केली. “आधी शिखर पाहून घ्या,” ते श्रोत्यांना म्हणाले, “म्हणजे पुढे बायका कुठवर चढल्या ते नीट कळेल.” पहिल्या रांगेतले दोनतीन टक्कल पडलेले शिष्य कौतुकानं हसले. शिखर म्हणजे ही रेकॉर्ड. तिची जगात एकच प्रत उरली होती आणि ती सरांच्या कपाटात कुलपात असायची. तिच्यावर सरांची पंचवीस व्याख्यानं, एक पदवी आणि दोन शाली झाल्या होत्या.

ग्रामोफोनपाशी उभ्या असलेल्या ताई त्या वादकाची मुलगी. वय बहात्तर, निवृत्त शिवणशिक्षिका. त्या चार महिन्यांच्या असताना वडील गेले. आईनं शिकवण्या करून त्यांना वाढवलं. त्या रेकॉर्डवरचं व्हायोलिन मी वाजवलंय, असं आई वर्षानुवर्षं सांगत राहिली. पण लेबलावर नाव वडिलांचं होतं. नातेवाईक तोंडावर हो म्हणायचे आणि जिन्यात हसायचे. एकदा तर पाहुण्यांसमोर ताईच म्हणाल्या होत्या, “पुरे आता, आई.” त्यानंतर आईनं तो विषय काढला नाही. ते दोन शब्द ताईंना अजून छळत होते.

म्हणून मागच्या आठवड्यात त्या सरांकडे गेल्या होत्या. आजच्या यादीत आईचं नाव घाला, एवढंच मागणं होतं.

“पुरावा?” सरांनी विचारलं.

“आई खोटं बोलायची नाही.”

“इतिहास आयांच्या सांगण्यावर लिहीत नाहीत, ताई. आणि खरं सांगू, हे बाईमाणसाचं काम वाटत नाही.” मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, कदाचित फोटो चांगला येईल असं वाटलं असेल, ते म्हणाले, “तुम्ही असं करा, कार्यक्रमाला या. सुई उचलायचा मान तुम्हाला.”

सुई उचलणं हा सरांच्या मंडळात मोठाच सोहळा होता. शेवटचा सूर विरला की मान्यवर पाहुण्यानं दोन बोटांनी सुई उचलायची आणि सगळ्यांनी मिनिटभर डोळे मिटून बसायचं. त्यानंतर खरखर ऐकणं म्हणजे मैफलीत जांभई देणं, असं सरांच्या गुरूंनी त्यांना शिकवलं होतं. सरांनी ते शिष्यांना शिकवलं. चाळीस वर्षांत त्या रेकॉर्डबद्दल बोलले सगळे, पण ती पुरती ऐकली कोणीच नाही.

ताई आज ती पहिल्यांदाच ऐकत होत्या. दुसऱ्याच ओळीला त्यांना आई ओळखू आली. सूर लावताना किंचित खालून यायचं, मग पोचल्यावर क्षणभर थांबायचं, ही आईची सवय होती. शिकवणीतल्या मुली हसत हसत तिची नक्कल करायच्या. ताईंना राग आला तो सरांचा नव्हता, स्वतःचाच होता.

शेवटचा सूर लांबला, बारीक झाला, संपला. सरांनी डोळे मिटले. शिष्यांनीही पटापट मिटून घेतले.

ताईंनी सुई उचलली नाही. एकदा आईला मध्येच थांबवलं होतं, तेवढं पुष्कळ झालं. तिचं काही उरलं असेल तर त्यांना तेही ऐकायचं होतं, मग ती खरखर का असेना.

“ताई,” सर डोळे न उघडता दातांतल्या दातांत म्हणाले, “सुई.”

तेवढ्यात खरखरीतून एक पुरुष बोलला. त्या काळी रेकॉर्ड दूरच्या कारखान्यात छापायला जाई. लेबलावर कोणाचं नाव चिकटवायचं ते तिथल्या कामगारांना कळावं म्हणून शेवटी ते बोलून ठेवत. सरांना हे माहीत नव्हतं असं नाही. त्यांच्या ग्रंथात त्यावर चांगली लांबलचक तळटीप होती.

“हे माझ्या बायकोनं वाजवलंय,” तो आवाज म्हणाला. “लेबलावर तिचं नाव घाला.”

ताईंनी वडिलांचा आवाज पहिल्यांदा ऐकला होता. सुईला त्यांनी अजूनही हात लावला नाही.

सर मात्र कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांना सावरायला दोन सेकंद पुरले.

“ऐकलंत?” ते उठून, भरल्या गळ्यानं म्हणाले. “ऐकलंत हा मोठेपणा? स्वतःची कला बायकोच्या पदरात टाकणारा हा पुरुष! आणि आम्ही त्याला फक्त वादक समजत होतो!”

शिष्यांच्या टाळ्या सुरू झाल्या. रेकॉर्ड अजून फिरत होती.

“आणि हा माझा मोठेपणा वगैरे समजू नका,” आवाज म्हणाला. “माझा हात मोडलाय, आणि धड असता तरी हे असं मला जमलं नसतं.”