खेकड्यांसाठी दोर

दोराचे टोक हातात आले आणि अजिनाथ जागच्या जागी थबकला. टोकाला तांबड्या कापडाची चिंधी घट्ट शिवलेली होती. अजिनाथ गावचा शिंपी. आपल्या हातचा टाका त्याला डोळे मिटूनही ओळखता आला असता. दोराचे सूत उलगडू नये म्हणून ही चिंधी त्यानेच दिवाळीत गल्लीतल्या छबूकाकूंना शिवून दिली होती. हा गल्लीतल्या आडाचा दोर होता.

आजवर खेकडे धरताना हे टोक त्याचा सोबती गोरक्षनाथ याच्या बाजूस असे. आज दोर बांधलेली पलीकडची खुंटी उपटावयास अजिनाथ प्रथमच गेला होता.

त्याने दोराकडे पाहिले. धरणाच्या फुगवट्यातून नुकताच ओढून काढलेला तो दोर काठावर वेटोळे घालून पडला होता. हात-हात अंतरावर कोंबडीची आतडी बांधलेली होती. दुपारभर पाण्यात फुगून ती पांढुरकी झाली होती आणि त्यांतून पिवळा चिकट द्रव दोराच्या सुतात झिरपत होता. एक खेकडा अद्याप आतड्यास बिलगून होता.

"गोरख्या, ह्यो दोर कुठला?"

"आडाचा." गोरक्षनाथ बादलीतले खेकडे मोजीत होता. "दुपारच्याला तिथं कोन असतं? दिस मावळायच्या आत जागेवर नेऊन लावायचा."

"अन् मागचे दोन रविवार?"

"ह्योच की! साबनानं धुऊन लावतो, उगं न्हाई."

वर्षभर रविवारी खेकडे धरावे, हा दोघांचा एकच छंद. आणि योग्य दोर कोणता, हा एकच वाद. सुतळी आठवड्यात कुजली. नायलॉनचा दोर पाण्यावर तरंगत राहिला, खेकड्यांनी त्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. तंगुसाच्या बारीक दोरीने बोटे कापली. मग गोरक्षनाथाने हा जुना सुती दोर आणला. तो जड होऊन तळाशी निमूट बसला, आणि खेकडा नांगी न सोडता काठापर्यंत येऊ लागला. त्या दिवशी अजिनाथ आनंदाने ओरडला होता, "हाच खरा दोर!" तो कोठून आणला, हे मात्र त्याने विचारले नव्हते.

"आरं, गल्ली पानी पिती त्याच्यानं!"

"तू बी पितोस. मेलास का?" गोरक्षनाथ हसला. "असाच दोर पायजे म्हनून वर्सभर माझं डोकं तूच खाल्लंस. आता सोवळ्यातला झाला व्हय रं आज्या?"

अजिनाथने दोराचे टोक हातातून टाकून दिले. सकाळीच त्याने आडाचे दोन तांबे पाणी पिऊन वर ढेकर दिला होता. तो बाभळीच्या बुंध्याशी वाकला आणि भडभडून ओकला. गोरक्षनाथाने तोंड वाकडे केले, आतडी सोडून पाण्यात भिरकावली, दोरावर साबण फिरविला आणि तो खांद्यावर टाकून, बादली उचलून गावाकडे निघून गेला.

अजिनाथ गल्लीत पोहोचला तेव्हा आडावर बायका जमल्या होत्या. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येई, तेही वासाचे. पिण्यासाठी सर्वांस हाच आड. रहाट करकरत होता. दोर ओला होऊन सरसर वर येत होता आणि त्याचे पाणी टपटप आडात परत पडत होते. छबूकाकूंचा हंडा काठोकाठ भरला होता. त्यांची लेक अश्विनी पाच दिवसांची बाळंतीण, घरात निजलेली.

"बघा ग बायांनो," छबूकाकू म्हणाल्या, "ह्या गोरखनं दोर न्हेऊन धुऊन आनला. न सांगता! न्हाईतर आपले पुरुष. दोराला हात लावला तर जनू बोटं झडतील."

गोरक्षनाथ नम्रपणे हसला.

"अन् तुझं त्वांड का असं उतरलंय रं अजिनाथ?" त्यांनी तांब्या हंड्यात बुडविला आणि त्याच्यापुढे धरला. "उन्हाचा आलाय जनू. घे, पानी पी आधी."

तांब्यातले पाणी स्वच्छ होते. तळाशी ठोक्यांची नक्षी स्पष्ट दिसत होती. गोरक्षनाथाने त्याच्याकडे पाहून किंचित डोळे मिचकावले. दोन घोट घ्यावयाचे, तोंड पुसावयाचे, आणि सारे मिटले असते. पुढल्या रविवारपासून दुसरा दोर. कोणास कधीच कळले नसते.

"पी की रं. घरात पोरगी तहानली हाय, मला हंडा न्हेऊंदे."

"काकू," अजिनाथ म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "हे पानी अश्विनीला देऊ नगा. त्या दोराला आमी कोंबडीची आतडी बांधत हुतो. खेकड्यासाठी. तीन रविवार झालं."

रहाट थांबला. "आज्या!" गोरक्षनाथ ओरडला आणि त्याने हातातली बादली पाठीमागे घेतली. बादलीत नांग्या खरडल्याचा आवाज झाला. तो सर्वांनी ऐकला.

छबूकाकूंनी तांब्या उपडा केला. मग दोन्ही हातांनी हंडा कलता केला आणि सगळे पाणी दगडी फरशीवर ओतून दिले. पाणी पसरत पसरत बायकांच्या पायांशी आले. तेव्हा त्या सर्वजणी एकेक पाऊल मागे सरल्या, आणि त्याचा स्पर्श होऊ नये म्हणून त्यांनी आपापली लुगडी घोट्याच्या वर उचलून धरली.