दाखल्यातला एक शब्द

माकणी.

"बाकीचं कळलं, मास्तर. ह्यो एवढा एक शब्द राहिला," महारुद्र म्हणाला.

लेकीला सांगून आलेल्या स्थळानं मुलाच्या चारित्र्याचा दाखला धाडला होता. सोलापूरच्या हेडमास्तरांनी इंग्रजीत लिहिलेला. ज्ञानोबा प्रामाणिक, कष्टाळू आणि लॅकोनिक. गावच्या मास्तरांनी दोन शब्द सोडवले, तिसऱ्यापुढं हात टेकले.

"चांगलाच असंल."

"कशावरून? एक तरी खोट असंलच की!"

दाखला मळायला नको म्हणून घरी लेकीनं, विमलनं, ती अक्षरं बघून बघून आपल्या पाटीवर उतरवली.

"पाटी सांजच्याला परत आणा," कमलबाई नवऱ्याला म्हणाली. "पोरीला लागती."

लोहारा.

कारकून राघवेंद्रनं पाटी उलटीसुलटी करून पाहिली. "उर्दू असती तर डोळे मिटून सांगितलं असतं. निजाम गेला, आमची विद्या गेली. एखादा रोगबीग असंल बघा."

"नक्की?"

"नक्की काय न्हाय."

"मग बोलता कशाला?" महारुद्रनं पाटी हिसकावली. उद्या पाहुणे येणार होते. एक शब्द, आणि सगळा मुलूख अडाणी!

जळकोट.

म्हाताऱ्या कल्याणप्पा मास्तरांकडं डिक्शनरी होती. आधी त्यांचा चष्मा सापडेना, मग पान सापडेना. महारुद्र उंबऱ्यावर चुळबुळत बसला.

"हां! ग्रीस देशात लॅकोनिया नावाचा मुलूख. तिथली माणसं लई मोजकं बोलायची. एका राजानं त्यांना धमकी धाडली, 'जर मी तुमच्या मुलखात शिरलो, तर राखरांगोळी करीन.' ह्यांनी उलट एकच शब्द धाडला. 'जर.' त्यावरनं हा शब्द आला. पोरगा घुमा हाय तुमचा."

"घुमा?" महारुद्र दिवसभरात पहिल्यांदा हसला. "व्हय?"

"जावयाची खोट ऐकून हसणारा सासरा आजच बघतोय," कल्याणप्पा म्हणाले.

माकणी.

पाहुणे आले. चहा झाला. मुलाच्या वडलांना, रामलिंगरावांना, बाजूला घ्यायचं म्हणून महारुद्र तीनदा उठला आणि तीनदा खाली बसला.

विमल येऊन पाटावर बसली.

ज्ञानोबानं तिच्याकडं पाहिलं.

"नाव?"

महारुद्रनं मान खाली घातली.

विमलनं पदराखालची पाटी काढली. लिहिलं. पाटी त्याच्याकडं फिरवली.

'विमल. ऐकू येतं. बोलता येत नाही.'