किडीची वाट

"कडा जुळत नाहीत," प्रमुख म्हणाले. "दोन वेगळ्या नोंदी कर आणि संपव एकदाचं."

पडद्यावर दोन पानं शेजारी शेजारी होती. एक इथल्या संग्रहालयातलं, दुसरं समुद्रापलीकडच्या. दोन्हींवर कुणा व्यापाऱ्याने आपल्या तांड्याची वाट टिपून ठेवली होती : पाणी कुठे, चोर कुठे, कुठून कुठवर किती दिवस. इथली वही वाळवंटातल्या एका कोरड्या विहिरीपाशी संपत होती. तिथली बंदराजवळ सुरू होत होती. दोन व्यापारी, दोन वाटा, असं सगळे विद्वान सांगत. एकाच वहीचे दोन तुकडे झालेत, असं म्हणणारा माणूस एकच. तो विद्वान नव्हता. तळघरात बसून फाटकी पानं सांधायचा. बोटांना सदा खळ लागलेली, म्हणून सगळे त्याला खळमास्तर म्हणत. त्याला जाऊन दोन महिने झाले होते. कॅमेऱ्यामागे उभी होती ती त्याची मुलगी.

अकरा संग्रहालयांची एकत्र यादी आज संध्याकाळी जगासाठी खुली होणार होती. त्यात दोन नोंदी गेल्या की बाबांचं म्हणणं कायमचं निकालात.

"सर, दहा मिनिटं द्या."

"अगं, मास्तरांबद्दल मलाही आदर आहे. पण आदराने कडा जुळतात का?"

"त्या जुळणारच नाहीत. दोन्हीकडे चौकटीत बसवताना कातरल्यात. बाबा म्हणायचे, कडा माणूस कापतो, कीड कुणाचं ऐकत नाही. भोकं बघा."

"कुठायत भोकं? चांगलं स्वच्छ पान आहे की."

दिसणार कशी? भोकं तिनेच बुजवली होती. अक्षरं छान उठून दिसावीत म्हणून प्रत्येक फोटोतली भोकं कागदाच्या रंगाने भरायची, ही पद्धत तिचीच. तिचं बघून बाकीच्या दहाही संग्रहालयांनी ती उचलली होती. भरसभेत तिचं कौतुक झालं होतं.

"मूळ फोटो हवेत," ती समुद्रापलीकडच्या संग्रहालयातून पडद्यावर बैठकीला हजर असलेल्या परदेशी गृहस्थांना म्हणाली. "काढले तसे. न पुसता."

"ते घाणेरडे? कशाला?" गृहस्थ कुरकुरले. पण पाठवले.

इथल्या शेवटच्या पानावर सात भोकं. तिथल्या पहिल्या पानावर सात. तिने एकावर एक ठेवली. ठेवण तीच, पण भोकं थोडी सरकलेली. इथल्या पानांवर तसंच होत होतं. कीड तिरकी गेली होती, दर पानाला केसभर डावीकडे. या दोन पानांत मात्र ती जास्त सरकली होती.

"बघ, चुकतंय," प्रमुख म्हणाले.

तिने मोजलं. पुन्हा मोजलं. बरोबर दुप्पट.

"चुकत नाहीये, सर. मधलं एक पान नाहीये."

एका लहानशा संग्रहालयाच्या बाई सकाळपासून पडद्याच्या कोपऱ्यात गप्प बसल्या होत्या. "थांबा हं," म्हणत त्या उठल्या. थोडा वेळ नुसती खुर्चीच दिसत राहिली. मग त्या एक चपटी पेटी घेऊन आल्या.

"हे आमचं सुटं पान. कुठलं, कशातलं, कुणाला कळेना. म्हणून यादीतसुद्धा घातलं नव्हतं."

त्यांनी ते अलगद दिव्यासमोर धरलं. सात ठिकाणांहून उजेड आला.

त्यांनी तिथल्या तिथे फोटो काढून पाठवला. तिने तो दोन पानांच्या मधे ठेवला. केसभर सरकून सातही भोकं जागच्या जागी बसली. प्रमुख चष्मा कपाळावर चढवून पडद्याला नाक लावून वाचू लागले : "विहीर कोरडी निघाली तर घाबरू नये. तारा डाव्या हाताला ठेवावा. चौथ्या दिवशी समुद्राचा वास येतो."

पलीकडचे परदेशी गृहस्थ ओरडलेच. कुणी टेबल वाजवलं, कुणी टाळ्या. प्रमुखांनी तिच्या पाठीवर जोरात थाप मारली.

"एकच नोंद कर! आणि शोध कुणाचा या रकान्यात मास्तरांचं पूर्ण नाव घाल. ठळक अक्षरांत."

तिने घातलं.

"एक विचारू का?" गलका ओसरल्यावर कोपऱ्यातल्या बाई म्हणाल्या. "अकरा वर्षांपूर्वी तुमच्याच इथल्या एका सांधणाऱ्यांचं पत्र आलं होतं आम्हाला. पलीकडचं पान तुमच्याकडे प्रदर्शनात आलं तेव्हा त्यांनी काचेवर पट्टी धरून भोकं मोजली, म्हणे. मधलं एक पान कुठेतरी असणारच, सात भोकांचं तुमच्याकडे आहे का, असं विचारलं होतं. आम्ही ते नुसतं फायलीला लावून ठेवलं. फार लाज वाटतेय. आज उत्तर लिहीन म्हणते. त्यांचा घरचा पत्ता तोच आहे ना?"

तिने मधलं पानही नोंदीत जोडलं.

"तोच आहे," ती म्हणाली. "पाठवा."