अण्णांची दुपारची झोप

मागच्या खोलीतून घोरणं ऐकू आलं तशी सूनबाईने हातातला ब्रश खाली ठेवला आणि सासऱ्यांचा टॉर्क पाना उचलला.

शर्यतीच्या गाडीची चारही चाकं भिंतीशी उभी होती. अशी चाकं एकसंध नसतात. बाहेरची चकचकीत कड, आतला रुंद घेर आणि मधली जाळीदार चकती, हे तीन तुकडे बोल्टांनी एकमेकांना आवळलेले असतात. ती खोलायची, घासायची, रंगवायची आणि पुन्हा जोडायची, हा अण्णांचा धंदा. घासणं-रंगवणं सूनबाई बघायची. जोडणी मात्र फक्त अण्णांची. नवी नवी होती तेव्हा तिने हौसेने म्हटलं होतं, "मलाही शिकवा की."

"माझ्या तोंडाला लगाम नाही," अण्णा म्हणाले होते. "आजवर शिकायला आले ते सगळे रडत पळाले. तू रडलीस तर तुझी सासू मला घरात घ्यायची नाही."

विषय तिथेच मिटला होता.

आणि आता अण्णा विसरायला लागले होते. आधी एका बोल्टखालचा वॉशर राहिला. तिने गुपचूप घातला. मग समोरासमोरचे बोल्ट जोडीने आवळायचे सोडून त्यांनी ते ओळीने आवळले आणि कड तिरकी बसली. मग हवा अडवणारं सीलंट एका बोटभर जागेत लागलंच नाही. दर वेळी नवीच चूक, आणि आधीपेक्षा जास्त लपलेली. हा टॉर्क पानासुद्धा पूर्वी कपाटात कुलूपबंद असायचा. हल्ली तोही टेबलावर तसाच पडलेला असे.

त्यांना कळलं तर ते खचतील, आणि गिऱ्हाइकांना कळलं तर वर्कशॉपला टाळं लागेल, या दोन्ही भीतींनी तिला पोखरलं होतं. म्हणून ते झोपले की ती चाकं तपासायची, चूक निस्तरायची आणि पाना होता तसा ठेवून द्यायची. संध्याकाळी अण्णा प्रत्येक चाकावरून सावकाश हात फिरवून "हं" म्हणाले की तिचा जीव भांड्यात पडायचा.

एकदा ती सासूबाईंना सहज म्हणाली, "अण्णा दुपारी फार घोरतात हो हल्ली."

"हे?" सासूबाईंनी भुवया उंचावल्या. "मी तर आयुष्यात कधी ऐकलं नाही."

वय, दुसरं काय, असं म्हणून सूनबाईने उसासा टाकला होता.

या शर्यतीच्या चाकांना तर अण्णांनी तिला हातही लावू दिला नव्हता. रंगसुद्धा स्वतःच मारला होता. तिने पाना पहिल्या बोल्टवर चढवला आणि दाबला. बोल्ट नीट आवळलेला असेल तर पाना लगेच 'टक' करतो. पण 'टक' व्हायच्या आधी बोल्ट किंचित फिरला. दुसराही फिरला. तिसराही. कालच आवळलेले बोल्ट आज सैल का व्हावेत? आत काहीतरी दबत होतं.

काय ते तिच्या लक्षात आलं.

"झाली ना चाकं?" दारातून गाडीवाल्याचा आवाज आला. ठरल्यापेक्षा लवकरच उगवला होता.

अण्णा डोळे चोळत बाहेर आले. "झाली की. पाण्यात बुडवून बघितली, एकही बुडबुडा नाही. न्या खुशाल."

आता गुपचूप काही करायला वेळच नव्हता. गप्प राहावं तर त्याचा जीव जाणार, बोलावं तर अण्णांची अब्रू.

"नेऊ नका," सूनबाई म्हणाली.

"अहो बाई, परवा शर्यत आहे!"

"परवा आहे ना? मग उद्या न्या."

तिने आधी हवा सोडली, टायर उतरवला आणि बोल्ट काढले. गाडीवाला तणतणत होता. चकती उचलल्यावर मात्र तो खाली वाकला. जिथे चकती कडेला भिडते, त्या कोऱ्या ठेवायच्या जागेवर करडा रंग होता, आणि भोकांभोवती तो चिरडला होता.

"रंग इथे राहिला की दबत जातो आणि बोल्ट सैल होतात. पाण्यात हे कळत नाही. वळणावर कळतं," ती म्हणाली.

गाडीवाल्याने भोकाभोवती बोट फिरवलं. त्याचा आवाज खाली आला. "कुणी केलं हे?"

अण्णा जमिनीकडे बघत होते.

"मी," सूनबाई म्हणाली. "रंगवताना तिथे टेप लावायची राहिली, चूक माझी. उद्या संध्याकाळी चारही चाकं मी स्वतः जोडून देते."

"तुम्हीच जोडा," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका."

तो गेला आणि तिला आनंदाने नाचावंसं वाटलं. या वर्कशॉपमध्ये तिच्या जोडणीला पहिल्यांदा कुणीतरी मान दिला होता. मग ती अण्णांकडे वळली.

"अण्णा, रागावू नका. पण यापुढे जोडणी मी करते. तुम्ही आता आराम करा."

ती शिव्या ऐकायच्या तयारीने उभी राहिली. अण्णांनी चिरडलेल्या रंगावरून अंगठा फिरवला, खिशातून पान्याच्या कपाटाची किल्ली काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली.

"वॉशर तुला पहिल्याच दिवशी सापडला," ते म्हणाले. "सीलंटला जरा वेळ लावलास. हा रंग मात्र मलाच दाखवावा लागेल असं वाटलं होतं. घे किल्ली. याच्यापुढची चूक मलाही सुचत नाही."