तिसऱ्या मजल्यावरचं माप

या, जरा जवळ सरका. एका गुडघ्याची गोष्ट सांगतो. छोटीशीच आहे, पण मागे बसून ऐकण्यासारखी नाही. ऐकता ऐकता राग आला तर गिळू नका. सांगताना मलाही तो आवरत नाही.

त्या सकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या व्यायामशाळेत मोठे डॉक्टर भलतेच खुशीत होते. खेळाडूंच्या दुखऱ्या गुडघ्यांसाठी त्यांनी नवा व्यायाम बसवला होता. बारा आठवड्यांचा, आणि त्यातले शेवटचे सहा आठवडे लाकडी खोक्यावरून उड्या. आज दुपारी त्याचा अहवाल जायचा होता. तो मंजूर झाला की पुढच्या महिन्यापासून सगळ्या क्रीडा वसतिगृहांतली मुलं त्याच खोक्यावरून उड्या मारणार होती.

"चाळीस घेतले, एकतीस जणांनी पूर्ण केलं, आणि एकतिसांच्या एकतिसांना आराम! मॅडम, असा निकाल लाखात एखाद्याला लाभतो. करा सही."

सही करायची होती ती गुडघे मापणारीने. दर आठवड्याला गुडघा किती वाकतो ते कोनाच्या पट्टीने बघायचं, "शून्य ते दहात किती दुखतंय?" असं विचारायचं आणि आकडा मांडायचा, हे तिचं काम. मुलं तिला मापवाली ताई म्हणत. तिच्या सहीशिवाय अहवाल हलत नसे.

"आणि उरलेले नऊ, सर?" तिने पेन उघडत विचारलं.

"गळाले. हल्लीच्या पोरांना दोन महिन्यांत कंटाळा येतो. प्रत्येक अभ्यासात गळतातच थोडे."

तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभी राहिली. जिना चढून धाप लागलेली, हातात व्यायामाचा रबरी पट्टा. मापवालीने तिला ओळखलं. भिंगरीची आई. चारशे मीटर पळणारी भिंगरी, जिची जीभ पायांपेक्षा जोरात पळायची.

"तुमचं पत्र आलं. नाव कमी केलंय, सामान परत करा म्हणून." आईने पट्टा टेबलावर ठेवला. "घ्या. मोजून घ्या हवं तर."

"भिंगरी कुठाय?"

"खाली. पहिल्या पायरीवर बसलीय."

"मग वर का नाही आली?"

आई तिच्याकडे बघतच राहिली. "सातव्या आठवड्यात गुडघा सुजला तिचा. तरी दोनदा घेऊन आले होते मी. एकदा नऊ पायऱ्या चढली, एकदा चार. जिन्यातच बसून रडली आणि आम्ही परत गेलो. खालूनच फोन केला, तर म्हणे वर या, माप वरच घेतात. चढता आलं असतं तर आलो नसतो का?"

"कोण म्हणालं असं?"

"तुम्हीच, ताई."

मापवालीचे कान तापले. इमारतीला लिफ्ट नव्हती. ज्याचा गुडघा सुधारला तो तीन मजले चढून आला आणि बरं वाटतंय म्हणून सांगून गेला. ज्याचा बिघडला तो खाली राहिला. खाली उतरून कुणी विचारलंच नाही. आणि फोनवरचं ते वाक्य तिने किती जणांना ऐकवलं होतं, देव जाणे.

तिने कोनाची पट्टी उचलली.

"मॅडम, माप इथेच घ्यायचं असतं," डॉक्टर म्हणाले. "नियम आहे."

"नियम तुमचा, सर. आणि गुडघा तिचा."

ती तीन मजले उतरून खाली आली. पहिल्या पायरीवर भिंगरी पाय लांब करून बसली होती. गुडघा इतका फुगलेला की वाटीची कड हाताला लागेना. पट्टी लावायचा प्रश्नच नव्हता. तो वाकतच नव्हता.

"किती दुखतंय?"

"नऊ." मग घाईघाईने म्हणाली, "दहा कसं असतं ते माहीत नाही ना, म्हणून नऊ. ताई, उड्या माझ्याच चुकल्या असतील. सर म्हणायचे, तुझी मेहनत कमी पडते."

"मेहनत!" मापवालीचा आवाज जिनाभर घुमला. "गुडघा सुजलेला असताना नऊ पायऱ्या चढलीस तू. आम्हाला एकदा उतरायला झालं नाही!"

डॉक्टर वरच्या वळणापर्यंत येऊन कठड्याला टेकले होते. "एका मुलीपायी दोन वर्षांचं काम अडवणार आहात का?"

"एक नाही, नऊ." तिने फोन काढला. "बाकीच्या आठांना आत्ता विचारते. एकच प्रश्न. जिना चढता येतो का?"

"आणि सही?"

"सही खाली मिळेल, सर. सगळे चाळीस मांडलेला कागद घेऊन या."

भिंगरीच्या शेजारी त्याच पायरीवर बसून तिने एकेकाला फोन लावला. आवाज मोठा ठेवला होता, वळणापर्यंत ऐकू जाईल इतका. "नाही." "नाही, ताई." एकाने कुबडी घेतली होती. एकाला मात्र खरोखरच कंटाळा आला होता, त्याने तसं हसून सांगितलं. चौथ्या "नाही"नंतर डॉक्टर कठडा सोडून वर निघून गेले.

अहवाल त्या दुपारी गेला नाही.

भिंगरीची काळजी तुम्ही करू नका, तिला आई आहे, तीन मजले चढून जाब विचारणारी. पण आठांपैकी दोघांनी फोन उचललाच नाही, त्या दिवशी नाही आणि पुढेही कधी नाही. रात्री देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या दोघांची आठवण ठेवा.